सव्वाचारची हाक

विश्राम चाळीस वर्षांचा आहे. सहा फूट उंची, भरघोस मिशी आणि बाराही महिने पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. चंडीगडच्या सेक्टर चव्वेचाळीसमधल्या आमच्या हाउसिंग बोर्डाच्या ब्लॉकमध्ये तो वरच्या मजल्यावर राहतो आणि मी त्याच्या बरोबर खाली. त्याचे वडील राजाभाऊ आणि मी टपाल खात्यात एकत्र होतो. बदलीवर इकडे आलो आणि इथलेच होऊन बसलो. राजाभाऊ लवकर गेले. लतावहिनींच्या मनात सांगलीला परत जायचं होतं, पण विश्रामला घरातली खुर्ची हललेली चालत नाही, तिथे गाव बदललेलं कुठून चालणार? त्या इथेच राहिल्या.

विश्राम ऑटिस्टिक आहे. हा शब्द आम्हाला कळला तेव्हा तो पंचविशीला आला होता. तोवर माझ्यासारखे शहाणे 'जरा मंद आहे, होईल ठीक' असं म्हणून मोकळे होत होते. तो स्वतःचं वाक्य बोलत नाही. ऐकलेलं बोलतो, आणि ज्याचं त्याच्या आवाजात. बसचा कंडक्टर, टीव्हीवर बातम्या देणारी बाई, मटारवाला सरदार. एकदा त्याने त्याच्या बहिणीच्या, मंजुषाच्या आवाजात 'काका, गॅस चालू राहिलाय' म्हटलं आणि मी धावत स्वयंपाकघरात गेलो. गॅस बंद होता. मंजुषा तेव्हा मोहालीला ऑफिसात होती.

माझ्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण पुढे त्या लागणार आहेत. माझं नाव लक्ष्मीकांत. लग्नाच्या भानगडीत मी पडलो नाही. दुसरं म्हणजे आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये मी हौशी भटजी आहे. गणपतीची प्रतिष्ठापना, सत्यनारायण, वेळ पडली तर दहावा-तेरावा. पोथीत बघून करतो. दक्षिणा घेत नाही, त्यामुळे चुकांची तक्रार करायला कुणाला तोंड नसतं.

लतावहिनींचा दहावाही मीच केला. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत त्या गेल्या. पोटाचा आजार, आणि कळला तेव्हा फार उशीर झाला होता. इस्पितळात गेल्या त्या तीन आठवड्यांत संपल्या. 'दुखत होतं तर आधी सांगितलं का नाही?' असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा त्या नुसत्या हसल्या होत्या. बाईने जन्मात कुणासमोर दुखतंय असं म्हटलं नव्हतं.

दहाव्याच्या दिवशी धुकं इतकं होतं की पिंड ठेवलेला कट्टा आणि आम्ही यांच्यात पाच पावलांचं अंतर असूनही पिंड दिसत नव्हते. कावळे होते. वरच्या झाडावर त्यांचा आवाज येत होता, पण खाली एकही उतरेना. सगळ्यांनी हात जोडून शब्द दिले. मंजुषा म्हणाली, "आई, विश्रामला मी सांभाळेन, पक्का." पाहुण्यांनीही काही काही कबूल केलं. कावळा आला नाही. पाऊण तास झाला, पाहुण्यांची परतीची गाडी होती, माझे पाय गारठले होते. मी दर्भाचा कावळा करून पिंडांना शिववला आणि उरकलं. शास्त्रात तशी सोय आहे. पण परत येताना मला आठवलं की सगळे बोलले, मी एकटाच काही बोललो नव्हतो.

त्यानंतर आमचा एक परिपाठ ठरला. विश्राम दिवसा एका केंद्रात जातो, तिथली व्हॅन त्याला चारला सोडते. मंजुषा मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात कामाला आहे, ती सहाला येते. मधले दोन तास माझे. चारला तो माझ्याकडे कडक, गरम चहा पितो, चहात बुडवून तीन गोड बिस्किटं खातो आणि वर जाऊन आपल्या घरात बसतो. मी मधेमधे वर जाऊन बघून येतो. बिस्किटांची सवय जुनी. वहिनी असतानाही तो अवेळी येऊन दारात उभा राहायचा, मी हातावर दोन बिस्किटं ठेवायचो आणि म्हणायचो, "जा आता घरी."

सप्टेंबर महिना होता. पितृपक्ष नुकताच लागला होता. विश्राम चहा पिऊन वर गेला आणि मी ओट्यापाशी कप विसळत होतो. आमच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच अरुंद बोळात उघडतात, वरचं सगळं खाली ऐकू येतं. आणि वरून लतावहिनी बोलल्या.

"आई गं. सहन होत नाही आता. भाऊजींना बोलव. मंजूला सांगू नकोस."

माझ्या हातून कप पडला. आठ महिन्यांपूर्वी मी स्वतः ज्यांना अग्नी देताना पाहिलं त्या बाईचा आवाज होता तो, शब्दांमध्ये धाप लागल्यासारखा. जिना कसा चढलो आठवत नाही. विश्राम त्यांच्या ओट्यापाशी उभा होता. एक हात ओट्याच्या कडेवर, दुसरा पोटावर घट्ट दाबलेला, कमरेत वाकलेला. वहिनी इस्पितळात पलंगाची कड धरून अशाच उभ्या राहायच्या. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मिशीखालचे ओठ हलले आणि पुन्हा तोच बायकी, दबका आवाज आला. "भाऊजींना बोलव."

भाऊजी म्हणजे मीच. मला असं म्हणणारी दुसरी कुणी या शहरात नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, तो ऐकलेलं बोलतो हे तुम्हाला ठाऊक होतं, मग घाबरलात कशाला? तेच तर. तो ऐकलेलंच बोलतो, आणि हे वाक्य लतावहिनी आमच्यापैकी कुणासमोरही बोलल्या नव्हत्या. मंजुषासमोर नाही, माझ्यासमोर नाही, डॉक्टरांसमोर नाही. मग त्याने ते कुठून उचललं? आणि आठ महिने गप्प बसून नेमक्या पितृपक्षातच का?

मला उत्तर माहीत होतं. मी शब्द न देताच दर्भाचा कावळा केला होता. बाई अडकल्या होत्या आणि मला बोलावत होत्या.

मंजुषाला मी दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ती घरी होती आणि तिनेच ऐकलं. मी वर गेलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "काका, ती मला का नाही बोलावत? मंजूला सांगू नकोस म्हणते. मी काय केलं यार?" माझी स्वतःची चूक मी तिला सांगितली, दर्भाच्या कावळ्याची. तिने ऐकून घेतलं. तिचा विश्वास बसला का नाही कोण जाणे, पण सर्वपित्रीला तिने आईच्या आवडीचं सगळं रांधलं, अळूवडीसुद्धा, आणि मी पान गच्चीवर ठेवलं. कावळ्यांनी पान चाटूनपुसून साफ केलं. दुसऱ्या दिवशी सव्वाचारला वरून आवाज आला. "सहन होत नाही आता."

मग मी नोंदी ठेवायला लागलो. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात लोक दुधाच्या पिशव्या लिहितात, मी त्या चौकटींत लिहायचो: 'आल्या, ४.१५.' कधी ४.१०, कधी ४.२०. वर्षभरात मला त्यात बरंच काही दिसलं. एकादशीला कधीच नाही. थंडीत जास्त. मे महिन्यात मी बारा दिवस सांगलीला गेलो, त्या बारा दिवसांत एकदाही नाही असं रजा काढून घरी राहिलेली मंजुषा म्हणाली, म्हणजे माझ्याचसाठी. मी त्या चौकटींकडे बघत बसायचो. जिवंतपणी या बाई माझ्याकडे साखरसुद्धा मागायला आल्या नव्हत्या.

इतकं होऊनही विश्राममध्ये काय बदलतंय हे आम्ही पाहिलं नाही. तो वाळला. भाकरी सोडून भात कालवून खायला लागला. त्याचे दात रोज वहिनी घासायच्या, स्वतःच्या हाताने, त्याला मांडीशी बसवून. त्या गेल्यावर त्याने कुणाला तोंडाला हात लावू दिला नाही. मंजुषाने ब्रश जवळ नेला की दात आवळायचा. वास यायला लागला तेव्हा तिने त्याला दोन दवाखान्यांत नेलं. एकाने लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरकडे जा म्हटलं. मुलांच्या डॉक्टरने सांगितलं, हा तर बाप्या माणूस आहे, आमच्या खुर्चीत मावणार नाही.

गेल्या ऑक्टोबरात मंजुषाला तिच्या संस्थेच्या फलकावर एक कागद दिसला. पिंजौरच्या वाटेवर एका संस्थेचा दातांचा दवाखाना, शनिवारी फक्त बौद्धिक अपंगत्व किंवा ऑटिझम असलेल्या प्रौढांसाठी. प्रमाणपत्र दाखवलं की सवलत, बहुतेक खर्च संस्थाच उचलणार. तिने नाव घातलं. मला बरोबर जाणं भाग होतं, कारण विश्राम गाडीत माझ्या मफलरचं टोक हातात असल्याशिवाय बसत नाही.

तिथल्या डॉक्टर म्हणजे जसलीन नावाची पस्तिशीची बाई, आवाज मोठा, घाई अजिबात नाही. पहिल्या दिवशी तिने विश्रामच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला खुर्ची वर-खाली करू दिली, दिवा लावू-विझवू दिला. मंजुषाला एक फॉर्म दिला होता. त्यात एक प्रश्न होता: दुखलं की ही व्यक्ती ते कसं सांगते? मंजुषा पेन घेऊन पाच मिनिटं बसली आणि तिने ती जागा रिकामी ठेवली. "त्याला दुखतच नसावं, काका," ती म्हणाली. "कधी बोललाच नाही."

दुसऱ्या शनिवारी तो खुर्चीत अर्धा तास बसला. तिसऱ्या शनिवारी त्याचा डावा गाल सुजला होता.

त्या दिवशी माझ्या पिशवीत ते कॅलेंडर होतं, गुंडाळी करून. पिंजौरच्या बाजारात एक ज्योतिषी आहे असं मी ऐकलं होतं, दवाखाना आटोपला की त्याला दाखवायचा बेत होता. मंजुषाला हे सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी बाहेरून गाल चाचपला आणि त्यांचा चेहरा बदलला. आत पू असणार, म्हणाल्या. आज तोंड उघडलं तर सुन्न करून इथेच मोकळं करता येईल. नाही उघडलं, तर मोठ्या इस्पितळात पूर्ण भूल द्यावी लागेल. तारीख दोन महिन्यांनी मिळते, तोवर पू पसरू शकतो. आणि एकदा भूल दिली की पुन्हा पुन्हा देता येत नाही, म्हणून शंका असलेले सगळे दात तेव्हाच काढून टाकतात. "आठ-दस चले जाएँगे," त्या म्हणाल्या. विश्राम दात आवळून छताकडे बघत होता. जबडा दगडासारखा.

मग त्यांनी फॉर्म पाहिला. "ये खाली क्यों है, जी? दर्द होता है तो कैसे बताते हैं?"

"बताता ही नहीं," मंजुषा म्हणाली. आणि मग, बहुधा थकून, तिने सांगून टाकलं. आईचा आवाज, रोजची वेळ, पोटावरचा हात. सांगताना ती डॉक्टरांकडे बघत नव्हती. मला वाटलं आता या बाई आम्हाला हाकलून देणार. पण त्या म्हणाल्या, "रोज़ का टाइम पता है?"

मी पिशवीतून कॅलेंडर काढलं. लाज कसली धरायची आता? पानं उलटत मी एकेक सांगत गेलो: एकादशी वर्ज्य, मे महिन्यात खंड, थंडीत जोर. जसलीन डॉक्टर बोट ठेवून ठेवून बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"अंकलजी, चार बजे क्या होता है?"

"चाय," मी म्हटलं. "मेरे घर. गरम. और तीन बिस्कुट."

"और एकादशी को?"

एकादशीला माझा उपास. त्या दिवशी मी बिस्किटांचा डबा उघडत नाही. विश्रामला केळं देतो आणि कोमट दूध. मे महिन्यात मी गावी होतो, तेव्हा चहा नव्हता, बिस्किटं नव्हती. हे मी त्यांना सांगितलं.

"दाँत सड़ रहा था," त्या म्हणाल्या. "गरम-मीठा लगते ही टीस उठती होगी। एक साल से बता रहे हैं ये आपको।"

"मग पोटावर हात का?" मंजुषाने मराठीतच विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. "काका, आई दुपारी त्याच्यासमोर बोलायची. आपण कुणी नसताना. त्याने दुखणं तेवढंच पाहिलंय. त्याला वाटतं दुखलं की असंच उभं राहायचं आणि असंच बोलायचं."

घरात दुसऱ्या कुणी त्याच्यासमोर कधी दुखतंय असं म्हटलंच नव्हतं. जिवंत माणसाचे शब्द नव्हते, म्हणून त्याने मेलेल्या माणसाचे वापरले. आणि आम्ही काय केलं? गच्चीवर पान वाढलं.

पण माझ्यासाठी ते तिथे संपलं नाही. 'भाऊजींना बोलव' हे वाक्य वहिनी कुणाला म्हणाल्या होत्या? घरात एकच माणूस होता. ओट्याला धरून उभ्या राहून त्यांनी विश्रामला पाठवलं होतं. आणि तो आला होता. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, भर दुपारी, कितीदा तरी. माझ्या दारात येऊन उभा राहायचा, तोंडातून शब्द नाही. माझी झोप मोडायची. मी हातावर दोन बिस्किटं ठेवायचो. जा आता घरी. दार लावून घ्यायचो. वर त्या वाट बघत उभ्या असणार, आणि तो बिस्किटं खात परत जात असणार.

मला त्या खोलीत बसवेना. उठलो, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. एरवी तो खिडकीतून, बोळातून यायचा. या वेळी चार फुटांवरून आला, आणि डोळे मिटले असते तर लतावहिनी त्या खुर्चीत बसल्या आहेत यावर मी शपथ घेतली असती. मदतनीस मुलगी दचकून मागे सरली.

"आई गं. सहन होत नाही आता. भाऊजींना बोलव."

विश्रामने पोट दाबून धरलं होतं. तो दाराकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

मी त्या दाराशी गेलो. तिथून वळून त्याच्याकडे चालत आलो, जिना चढून आल्यासारखा, आणि म्हणालो, "आलो, वहिनी. आलो मी. उशीर झाला. कुठे दुखतंय?"

त्या वाक्याला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. विश्रामने माझ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत, जे तो कधी करत नाही. पोटावरचा हात काढला. माझ्या मफलरचं टोक मुठीत धरलं आणि तोंड उघडलं.

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला.

एक दाढ गेली. दोन दात पुढच्या शनिवारांमध्ये वाचवले, बाकीचे तसे बरे निघाले. मंजुषाने फॉर्मवरची ती रिकामी जागा भरली, तिथे बसूनच, बारीक अक्षरात, कडेपर्यंत. ज्योतिष्याकडे आम्ही गेलो नाही.

तो आवाज पुन्हा आला नाही. कॅलेंडरच्या चौकटी आता कोऱ्या आहेत, आणि खरं सांगायचं तर सव्वाचारला माझा कान अजून खिडकीकडे जातो. मंजुषाचाही जातो, हे ती बोलत नाही. बोळात मटारवाल्याचा आवाज येतो, कधी कंडक्टरचा. आईचा नाही.

बिस्किटांचा डबा मी बंद केला. चहा कोमट करून देतो. पण विश्राम अजूनही कधीकधी भर दुपारी दारात येऊन उभा राहतो. मी दार लावत नाही. त्याला आत घेतो आणि रोज विचारतो तेच विचारतो: "काय रे, दुखतंय का कुठे?"

परवा तो माझ्या आधीच बोलला. दारात उभा राहून, हुबेहूब माझ्या आवाजात, माझ्यासारखाच जरा खाकरून: "काय रे, दुखतंय का कुठे?" आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

काही नाही रे, असं मी म्हणणार होतो. सवयच असते. मग मी त्याला खुर्चीत बसवलं, त्याच्या समोर बसलो, माझा डावा गुडघा दाखवला आणि म्हणालो, "हो रे. इथे दुखतंय."